मदत हवी आहे : मीठ आलं की रेणूंचा पिंजरा फिनाइलअ‍ॅलानिन ओळखेनासा होतो

नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पात कुकरबिट[७]युरिल (पुढे सीबी७) वापरून पाण्यातलं फिनाइलअ‍ॅलानिन (प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) मोजतोय. एका ठिकाणी अडलोय, जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

सीबी७ म्हणजे भोपळ्याच्या आकाराचा पोकळ रेणू, दोन्ही तोंडांवर कार्बोनिल ऑक्सिजनांचं कडं. त्यात आधी बर्बेरिन बसवतो. दारुहळदीतलं हे पिवळं द्रव्य नुसत्या पाण्यात जेमतेम चमकतं, पोकळीत शिरलं की कैक पटींनी. मग फिनाइलअ‍ॅलानिन घातलं की त्याचं बेंझिनचं वलय आत जातं, धनभारित अमोनियम गट काठाच्या ऑक्सिजनांना धरून राहतो, बर्बेरिन बाहेर पडतं आणि चमक उतरते. त्या उतारावरून प्रमाण काढायचं.

डीआयोनाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्यात आलेख सुरेख येतो. पीबीएसमध्ये (रक्तासारखं खारट फॉस्फेट बफर) मात्र सुरुवातीची चमकच फार कमी, आणि फिनाइलअ‍ॅलानिन घालूनही फरक जवळजवळ दिसत नाही. माझ्या मते कारण सोडियम. तिथे ते सुमारे १५० मिलिमोलर असतं आणि त्याच काठाला चिकटतं. रक्तातही जवळपास तेवढंच, म्हणून हे टाळून चालणार नाही.

सगळा खटाटोप फिनाइलकीटोनुरियासाठी आहे, म्हणजे शरीरात फिनाइलअ‍ॅलानिन नीट मोडलं न जाता रक्तात साचतं तो जन्मजात आजार. आहार वेळेत बदलला नाही तर या बाळांच्या मेंदूची कायमची हानी होते, म्हणून स्वस्त चाचणी व्हावी असं मनापासून वाटतं. निरोगी रक्तात फिनाइलअ‍ॅलानिन साधारण ६० मायक्रोमोलर, तीव्र आजारात १२०० च्या वर. एवढं अंतर असेल तर नमुना २० पट विरळ करता येईल ना? सोडियम ७-८ मिलिमोलरवर येतं आणि आजारी नमुन्यात फिनाइलअ‍ॅलानिन तरीही ६० उरतं. कुणी असं केलंय का?

दुसरी अडचण, ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन ही अमिनो आम्लंही पिंजऱ्यात शिरतात. त्यासाठी फिनाइलअ‍ॅलानिन अमोनिया लायेज (फक्त फिनाइलअ‍ॅलानिन मोडण्यासाठीचं एन्झाइम) घालून आधीचा-नंतरचा फरक मोजायचा विचार आहे. एन्झाइममुळे तयार होणाऱ्या सिनॅमिक आम्लात अमोनियम गट नसतो, त्यामुळे ते आत टिकणार नाही. पण हे एन्झाइम पीएच ८ च्या वरच नीट चालतं, म्हणजे पीएच उतरवून पकड वाढवायचा मार्ग बंद.

आणि अल्ब्युमिन? रक्तातलं हे प्रथिन बर्बेरिनला धरून ठेवतं. ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्लाने प्रथिनं खाली बसवली तर नंतर ते आम्ल उदासीन करताना पुन्हा सोडियम येईल. अल्ट्राफिल्ट्रेशनच (प्रथिनं अडवणाऱ्या पडद्यातून गाळणं) करावं, की आम्ल उदासीन करायला अमोनिया वापरून निभेल? अमोनियम आयनही काठावर बसतात का, हे प्रत्यक्ष पाहिलेल्या कुणी सांगितलं तर फार मदत होईल.