मदत हवी आहे: सोलापुरात एकट्या राहणाऱ्या आत्यासाठी

नमस्कार मंडळी. माझी आत्या (वय ७६) साखर पेठेत एकटीच राहते. डोकं तल्लख, भाकरी स्वतः थापते. पुण्याला यायला साफ नकार, आणि मला तो पटतो. शेजारच्या तेलुगू बायकांसोबतच्या गप्पा तिला इथे कुठून मिळणार?

खरी अडचण पाण्याची. नळ काही दिवसांआड येतो, वेळ ठरलेली नाही. गुडघे आखडलेले, तरी ओल्या फरशीवर उभी राहून तांब्या-तांब्याने पिंप भरते. पडली तर कळणार कुणाला, या विचाराने मला झोप लागत नाही.

ज्येष्ठांची १४५६७ हेल्पलाइन तिच्या मोबाइलमध्ये घालून दिली आहे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत काठी, कमरेचा पट्टा वगैरेंसाठी ३००० रुपये मिळतात, तो अर्जही भरतोय. पण दारात रोज डोकावणारं माणूस योजनेतून मिळत नाही.

त्या भागात पाणी भरायला खात्रीची मावशी मिळेल का? कमी तिखटाचा घरपोच डबा कोण देतं? जवळचा ज्येष्ठ नागरिक संघ कुठे भरतो? एकट्या ज्येष्ठांची नोंद पोलीस ठाण्यात कुणी केली असेल, तर पुढे कुणी विचारपूस करायला येतं का, तेही सांगा. स्वतःचा अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.