मदत हवी आहे: लमाण तांड्यांच्या मीठ-धान्य सौद्याचे दर कुठे मिळतील?

रेल्वे येण्याआधीच्या (साधारण 1750 ते 1860) लमाण-बंजारा तांड्यांच्या लदेणीवर (बैलांवर माल लादून केलेल्या वाहतुकीवर) लिहितो आहे. देशावरचं धान्य घाट उतरून कोकणात जायचं आणि त्याच बैलांच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या गोणींतून मीठ वर यायचं, एवढं पक्कं आहे. इंग्रज प्रवासी पीटर मंडीने 1632 मध्ये 14,000 बैलांचा धान्याचा तांडा पाहिला. 1803 च्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेची रसदही याच लोकांवर चालली. पण हे सगळं प्रवाशांनी आणि फौजांनी पाहिलेलं. मला गावातला सौदा हवा आहे: गोणभर मिठाला किती ज्वारी, उधारी चालायची का, बोलणी नायक (तांड्याचा प्रमुख) करायचा की प्रत्येक जण आपापली?

मुंबई इलाख्याची गॅझेटियरं चाळली. वाटा आणि माल सापडतात, व्यवहार नाही. पुणे पुराभिलेखागारात जाऊ शकतो, पण मोडी वाचता येत नाही. वंजारी आणि लमाण वेगळे, हे माहीत आहे. तो वाद इथे नको.

पेण-पनवेलहून जुन्नर-नगरकडे चढणाऱ्या घाटांच्या जकातीचे देवनागरीत छापलेले हिशेब कोणी पाहिलेत का, आणि त्यांत मिठाच्या बदल्यात दिलेल्या धान्याचं माप येतं का?