घराजवळच्या बर्फात रोज नवे काय पाहावे?

निळीसांज

नमस्कार. बर्फ पडणाऱ्या प्रदेशात राहायला आल्यापासूनचा हा माझा दुसरा हिवाळा आहे. गेल्या वर्षी पहिला बर्फ पडला त्या रात्री मी दोनदा उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले होते. त्यानंतर माझा असा समज झाला की बर्फाचे खरे सौंदर्य अनुभवायचे असेल, तर दूर डोंगरात किंवा एखाद्या गोठलेल्या धबधब्यापाशीच जायला हवे. तसे दोन-तीन वेळा जाऊनही आले. पण निम्मा दिवस प्रवासात जाई, पोहोचल्यावर गर्दी असे आणि अंधार पडायच्या आत परतण्याची घाई असे. उरलेले सारे दिवस मात्र मी घरातच बसून काढले आणि हिवाळा संपला तेव्हा तो हातातून निसटल्याची हळहळ वाटली.

यंदा तसे होऊ द्यायचे नाही, असे मी ठरवले आहे. माझ्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर एक ओढा आहे. त्याच्या काठाने पायवाट जाते, बाजूला पंधरा-वीस झाडे आहेत आणि पलीकडे मोकळे मैदान आहे. गेल्या आठवड्यात मी तेथे लागोपाठ तीन दिवस गेले. पहिल्या दिवशी मन अगदी प्रसन्न झाले, दुसऱ्या दिवशीही बरे वाटले, पण तिसऱ्या दिवशी मात्र सगळे तेच ते पांढरे दिसू लागले आणि मी वीस मिनिटांत परत फिरले. दोष जागेचा नसून माझ्या नजरेचा असावा, असे मला मनापासून वाटते. रोज अर्धा-पाऊण तास मिळतो. एवढ्या वेळात, एवढ्याच जागेत नेमके काय पाहावे, कोणत्या वेळी जावे आणि कशाकडे लक्ष द्यावे, हे अनुभवी मंडळींनी सांगितले तर फार बरे होईल.

पाऊलवाट

आपण जागा उत्तम निवडली आहे. ओढा, झाडे आणि मोकळे मैदान एकत्र असणे ही फार मोठी सोय आहे, कारण प्राण्यांना पाणी, आडोसा आणि मोकळे रान या तिन्हींच्या सीमेवर वावरायला आवडते. माझी पहिली सूचना वेळेविषयी आहे. बर्फ पडत असताना किंवा थांबल्या थांबल्या जाण्याऐवजी मध्ये एक रात्र जाऊ द्यावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जावे. रात्रभरात त्या कोऱ्या पृष्ठभागावरून कोण कोण गेले, ते सारे तेथे उमटलेले असते, आणि सूर्य खाली असल्यामुळे तिरप्या उन्हात प्रत्येक ठशाच्या कडेला सावली धरते. दुपारी तेच ठसे पुसट दिसतात.

सशाचे ठसे ओळखायला सर्वांत सोपे. दोन लहान ठसे एकामागे एक आणि त्यांच्या पुढे दोन मोठे, लांबट ठसे शेजारी-शेजारी. नवख्या माणसाला वाटते की मोठे ठसे पुढे आहेत म्हणजे ते पुढच्या पायांचे असणार. प्रत्यक्षात ससा पुढचे पाय टेकवतो आणि उडी घेताना मागचे पाय त्यांच्याही पुढे आणून टाकतो. म्हणून मोठे ठसे ज्या बाजूला, त्या बाजूला ससा गेला असे समजावे. खारीची उडीही अशीच असते, परंतु तिचे पुढचे पाय शेजारी-शेजारी पडतात आणि तिची वाट बहुतेक वेळा एका झाडाच्या बुंध्यापासून निघून दुसऱ्याच्या बुंध्याशी संपते. कोल्ह्याची चाल याहून अगदी वेगळी. तो मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशातच ठेवतो, त्यामुळे दोरी धरून आखल्यासारखी ठशांची एकच सरळ रांग मैदान ओलांडून गेलेली दिसते. पाळीव कुत्रा मात्र इकडे हुंगत, तिकडे वळत जातो. या दोन वाटा एकदा शेजारी-शेजारी पाहिल्या की पुन्हा त्यांच्यात गफलत होत नाही.

मला स्वतःला सर्वांत जवळची वाटते ती उंदराची वाट. अगदी नाजूक ठशांच्या जोड्या, काही ठिकाणी त्यांच्या मधून शेपटीची बारीक रेघ, आणि शेवटी वाळक्या गवताच्या काडीशेजारी अंगठा जाईल एवढे भोक. त्या भोकाखाली वेगळेच जग असते. वीतभर किंवा त्याहून अधिक बर्फ साचला की तो पांघरुणासारखे काम करतो, आणि वर हवा उणे २० अंशांवर असली तरी जमिनीलगतचे तापमान शून्याच्या आसपास टिकून राहते. जमीन आणि बर्फ यांच्यामधल्या त्या अंधाऱ्या पोकळीत लहान प्राणी बोगदे करून सारा हिवाळा काढतात. एकदा मी अशाच एका वाटेमागून गेलो असता ती भोकापाशी न संपता मोकळ्यावरच संपली होती. शेवटच्या ठशाच्या दोन्ही बाजूंना पंखांच्या पिसांच्या रेषा पंख्यासारख्या उमटल्या होत्या, एकेक पीस मोजता यावे इतक्या स्पष्ट. रात्री घुबड येऊन गेले होते. त्या जागी मी बराच वेळ उभा राहिलो आणि येताना त्या खुणांना धक्का लागू नये म्हणून लांबून वळसा घातला.

भिंग

वरील प्रतिसाद फारच सुरेख आहे. मी केवळ नजर आणखी जवळ आणण्याविषयी लिहितो. एक साधे भिंग आणि गडद रंगाच्या लोकरी कापडाचा तुकडा एवढेच सोबत घ्यावे. कापड आधी दहा-पंधरा मिनिटे बाहेरच्या थंडीत ठेवावे, नाहीतर त्याच्या उबेने हिमकण पडताक्षणी विरघळतात. मग वारा नसलेल्या जागी ते पडत्या बर्फाखाली धरावे आणि श्वास बाजूला सोडत भिंगातून पाहावे.

सहा पाकळ्यांची चांदणी दिसली तर भाग्यच, पण प्रत्येक वेळी ती दिसेलच असे नाही. कणाचा आकार मुख्यतः ढगातील तापमान आणि तेथील बाष्प यांवर ठरतो. उणे २ अंशांच्या आसपास पातळ षट्कोनी चकत्या होतात, उणे ५ च्या सुमारास सुया आणि बारीक स्तंभ तयार होतात, आणि भरपूर बाष्प असताना उणे १५ च्या आसपास त्या प्रसिद्ध, फांद्या फुटलेल्या चांदण्या घडतात. कण खाली येईपर्यंत वेगवेगळ्या थरांतून जातो आणि प्रत्येक थराची खूण अंगावर घेऊन येतो. मूळचे सहा कोन मात्र पाण्याचे रेणू बर्फात ज्या षट्कोनी रचनेत बसतात, तिच्यामुळे येतात. हे कोन सहाच का, हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञ केप्लरला १६११ मध्ये पडला होता, आणि रेणूंची कल्पना स्पष्ट नसतानाही उत्तर सूक्ष्म कणांच्या रचनेत शोधावे, इतके त्याने ताडले होते. जपानमधील होक्काइदो येथे भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये सशाच्या केसाच्या टोकावर पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला आणि कोणत्या परिस्थितीत कोणता आकार होतो, हे प्रयोगाने दाखवले.

आपण घराजवळच्या जागेविषयी विचारले आहे, म्हणून विल्सन बेंटली यांची आठवण मला मुद्दाम करून द्यावीशी वाटते. अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात, जेरिको या गावी ते शेती करत. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून त्यांनी १८८५ च्या जानेवारीत हिमस्फटिकाचे छायाचित्र घेतले. पुढे १९३१ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी अशी पाच हजारांहून अधिक छायाचित्रे काढली, आणि ती बहुतांशी आपल्याच शेतावर पडलेल्या बर्फाची. तेच अंगण त्यांना चाळीसहून अधिक हिवाळे पुरले, याचे मला आजही अपार अप्रूप वाटते.

बर्फ पडत नसेल त्या दिवशी भिंग घेऊन ओढ्याच्या काठचे गवत पाहावे. स्वच्छ, निवांत रात्रीनंतर हवेतील बाष्प थेट गोठून काड्यांवर दहिवराची पिसे उगवतात. धुके असताना मात्र अतिथंड पाण्याचे थेंब वस्तूला लागताच गोठतात आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला पांढरा, खरखरीत थर साचतो. पिसे आहेत की थर, एवढ्यावरून रात्र कशी गेली ते सकाळी सांगता येते.

क्षितिज

तिसऱ्या दिवशी सगळे पांढरे दिसले, असे आपण लिहिले आहे. म्हणून रंगांविषयी थोडे लिहितो. ऊन असताना झाडांच्या सावल्या नीट पाहाव्यात. त्या करड्या नसून निळ्या असतात, कारण सावलीतल्या बर्फावर थेट ऊन पडत नाही, फक्त आकाशाचा निळा उजेड पडतो. ताज्या, खोल बर्फात काठी खुपसून काढली तर भोकाच्या आतही निळसर छटा दिसते. त्याचे कारण मात्र वेगळे आहे. प्रकाश असंख्य कणांमधून आत फिरत असताना बर्फ त्यातील तांबडा भाग किंचित अधिक शोषून घेतो आणि निळा शिल्लक राहतो. सूर्य मावळल्यानंतरच्या कातरवेळी तर संपूर्ण मैदान निळे होते. ती वेळ जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांची असते आणि मला स्वतःला ती साऱ्या दिवसात सर्वांत प्रिय आहे.

आकाशात पातळ, उंच ढग असतील तर सूर्याभोवतीचे किंवा चंद्राभोवतीचे खळेही दिसू शकते. हात पूर्ण लांब करून वीत ताणली की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जेवढे अंतर होते, साधारण तेवढी त्या खळ्याची त्रिज्या असते. मोजली तर ती सुमारे २२ अंश भरते. सूर्य पाहताना तो झाडाच्या खोडाआड ठेवावा.

आणि कानही उघडे ठेवावेत. ताज्या, भुरभुरीत बर्फात बहुतांश हवाच असते आणि त्या पोकळ्यांमध्ये आवाज जिरून जातो, म्हणून बर्फ पडून गेल्यावर एवढी गाढ शांतता जाणवते. पुढे बर्फाचा वरचा थर टणक झाला की आवाज पुन्हा लांबवर पोहोचू लागतात. पायाखालचा आवाजही बदलतो. शून्याच्या जवळ बर्फ मुकाट दबतो, तर सुमारे उणे १० अंशांच्या खाली कण एकमेकांवर घासून, मोडून कर्र-कर्र वाजतात. तापमापक न पाहता थंडीचा अंदाज घेण्याची सवय मला अशीच लागली.

काठावरचा

वरच्या सर्व सूचना मनापासून पटल्या. ओढ्याचा उल्लेख वाचला म्हणून एक कळकळीची विनंती करतो. वाहत्या पाण्यावरच्या बर्फावर कधीही पाय ठेवू नये. स्थिर पाण्यावरचा स्वच्छ, नितळ बर्फ माणसाचे वजन पेलण्यासाठी किमान १० सेंटिमीटर जाड असावा लागतो. पांढरा, दुधाळ बर्फ त्याच्या साधारण निम्माच मजबूत असतो, आणि प्रवाहावर तर एका पावलाइतक्या अंतरातही जाडी बदलते. काही वर्षांपूर्वी ठसे पाहण्याच्या नादात मी काठ सोडून दोन पावले पुढे गेलो आणि डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पाणी उथळ होते आणि घर जवळ होते, म्हणून निभावले. पण घरी पोहोचेपर्यंत बोटांची संवेदना गेली होती आणि ती परत यायला बराच वेळ लागला. प्राणी ज्या बर्फावरून सहज गेला, तो आपल्याला पेलेलच असे नाही. तसेच, उभे राहून पाहायचे असेल तर चालण्यासाठी लागतात त्याहून एक थर अधिक कपडे घालावेत आणि अंगालगत सुती कपडा टाळावा, कारण तो घाम धरून ठेवतो आणि थांबल्यावर गार पडतो.

निळीसांज

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. परवा रात्री बर्फ थांबला. पाऊलवाट यांनी सांगितल्याप्रमाणे मी एक रात्र जाऊ दिली आणि आज सकाळी ऊन पडताच निघाले. पाऊण तासात मी शंभर पावलेसुद्धा चालले नाही.

मैदानाच्या कडेला सशाचे ठसे मिळाले. मी आधी दिशा उलटी धरली आणि मग मोठे ठसे पुढे, हे आठवून वळले. ती वाट एका काटेरी झुडपात गेली. तेथे कोवळ्या फांद्यांची टोके सुरीने तिरपी कापावीत तशी कुरतडलेली होती आणि खाली बर्फावर सालीचा बारीक भुगा पडला होता. ओढ्याच्या मध्यभागी अजून पाणी वाहते आहे. काठावरूनच पाहिले, खात्री असू द्यावी. पाण्याला टेकलेल्या एका वाळक्या काडीवर हेलकाव्यांनी थेंब साचून काचेचा लोलक तयार झाला होता. काडी प्रवाहाने हलली की तो पाण्यात बुडे आणि पुन्हा वर येताना आणखी एक पातळ थर घेऊन येई. मी तेथे किती वेळ उभी होते, ते मला सांगता येणार नाही.

एक गोष्ट मात्र उलगडली नाही. मोकळ्या मैदानावर, आजूबाजूला कोणतेही ठसे नसताना, एका वाळक्या गवताच्या पात्याभोवती बर्फात अगदी रेखीव अर्धवर्तुळ कोरलेले दिसले. हे कोणत्या प्राण्याचे काम असावे?

पाऊलवाट

प्राण्याचे नव्हे, वाऱ्याचे. पात्याचे टोक वाकून बर्फाला टेकलेले असते आणि वारा फिरला की ते कंपासासारखे फिरून कमान काढते. अर्धवर्तुळाची दोन टोके कोणत्या दिशांना आहेत ते उद्या पाहून ठेवावे, म्हणजे रात्री वारा कुठून कुठे वळला तेही कळेल.