मदत हवी आहे: सपोर्ट ग्रुपवर रात्री येणारे मेसेज डिलीट करावेत का?

नमस्कार मंडळी, सांगली-मिरजेकडच्या लोकांचा आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, डिप्रेशन, अँक्झायटीतून गेलेल्यांचा किंवा अजून जात असलेल्यांचा. तासगावचे द्राक्षवाले आहेत, एमपीएससी करणारी पोरं आहेत, बाळंतपणानंतर त्रास झालेल्या बायका आहेत. डॉक्टर कुणी नाही, आम्ही अ‍ॅडमिनपण गोळ्या घेणारेच. गोळ्या चालू आहेत हे घरात बोलता येत नाही ते इथं बोलता येतं, म्हणून ग्रुप टिकावा असं मनापासून वाटतं.

अडचण रात्रीची. कुणीतरी लिहितं "नको वाटतंय सगळं", कधी कसं करणार तेपण लिहितं. मेसेज ठेवला तर जे आधीच हलून गेलेत ते वाचून अजून बिघडतात. पद्धतीचं वर्णन छापू नका असं डब्ल्यूएचओ पेपरवाल्यांनाही सांगते, मग आमच्या ग्रुपवर तर किती जपायला हवं. आणि डिलीट केला तर तिथं अ‍ॅडमिनने काढला असं सगळ्यांना दिसतं, लिहिणाऱ्याला वाटतं इथंपण माझं तोंड बंद केलं. एक पोरगा असाच ग्रुप सोडून गेला, दुसऱ्या दिवशी फोन लागेपर्यंत आमचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"मी गोळ्या बंद केल्या, तूपण कर" असले मेसेज मी लगेच उडवते, त्यात विचार करायचा प्रश्नच नाही.

कायद्याचं म्हणाल तर मेंबरच्या पोस्टसाठी नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून दोषी धरता येत नाही असं नागपूर खंडपीठाने 2021 ला सांगितलंय, त्यामुळे ती भीती नाही. भीती माणूस जाण्याची आहे. रात्री ग्रुप "फक्त अ‍ॅडमिन"वर टाकावा का? घरच्यांना कधी कळवायचं?

प्रतिसाद (कराडहून):
ताई, रात्री बंद करू नका, तीच वेळ वाईट असते. आधी उत्तर द्या, मग काढा. "वाचलंय, पद्धतीची ओळ असल्यामुळे मेसेज काढतोय, तू इथंच थांब, मी फोन करतोय" एवढं लिहिलं तरी फरक पडतो. फोनवर सरळ विचारा, आत्महत्येचा विचार येतोय का? विचारल्याने डोक्यात विचार घुसत नाही. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416 चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात, तो ग्रुपच्या माहितीत वरच टाका. जिवाला आत्ताच धोका वाटला तर 112, तेव्हा गुपित बघत बसायचं नाही. पोलीस केस होईल म्हणून लोक लपवतात, त्यांना 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 सांगा, प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच कायदा धरून चालतो. आणि ग्रुपमध्ये घेतानाच घरच्या एकाचा नंबर संमतीने घेऊन ठेवा.

धागाकर्ती:
धन्यवाद दादा, आधी उत्तर मग डिलीट हे आजपासूनच करतो. नंबरचं मात्र अवघड आहे, इकडं सगळे एकमेकांच्या नात्यातले, नंबर मागितला की लोक आत यायचेच नाहीत. कुणी असा नंबर घेऊन ग्रुप चालवलाय का? लोकांना कसं पटवलंत?