बाबांचे आठ वर्षांचे रिपोर्ट एका तक्त्यात मांडले तेव्हा

गोदाकाठ
दिवाळीच्या आवराआवरीत बाबांच्या कपाटातून साड्यांच्या दुकानाची एक जाड पिशवी निघाली. आत २०१६ पासूनचे रक्ताचे रिपोर्ट. घड्या पडलेले, काहींना मेडिकलची बिलं टाचलेली. बाबा ६८ वर्षांचे, मधुमेह चौदा वर्षांचा. सगळे कागद पलंगावर तारखेप्रमाणे लावले आणि मोबाइलवर एक तक्ता केला. तारीख, तीन महिन्यांची साखर (एचबीए१सी), एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा, वजन आणि त्या वेळी चालू असलेल्या गोळ्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. एलडीएल १४८ होतं, स्टॅटिन, म्हणजे ते उतरवणारी गोळी, सुरू झाली, ८२ वर आलं. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बाबांनी गोळी सोडली. दीड वर्षाने १४१. तोवर डॉक्टर बदललेले, त्यांच्यापुढे आधीचं काहीच नाही, त्यांनी नव्याने सुरू केली. पुन्हा ७९, पुन्हा बंद. असं तीनदा! गोळी चालू आहे म्हणून आकडा खाली आहे, हे बाबांना कुणी नीट सांगितलं नव्हतं. आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. क्रिएटिनिन ०.८, ०.९, १.०, १.२, १.३. दर वेळी मर्यादेच्या आतच, म्हणून एकाही रिपोर्टात ठळक छापलेलं नाही. सुटा कागद पाहणाऱ्याला त्यात वावगं दिसणार नाही, ओळीने वाचलं की चढण दिसते. आणि मधुमेह असलेल्याची लघवीतल्या अल्ब्युमिनची (मूत्रपिंडातून झिरपणाऱ्या प्रथिनाची) तपासणी वर्षातून एकदा व्हायला हवी, ती आठ वर्षांत एकदाही झालेली नाही.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. त्यातला चौदा अंकी आभा क्रमांक, म्हणजे आपला आरोग्य ओळख क्रमांक, काढला, की जोडलेल्या लॅबचे आणि दवाखान्यांचे कागद एका ठिकाणी बघता येतात आणि आपण संमती देऊ तेवढ्या मुदतीपुरते नव्या डॉक्टरांना दाखवता येतात. माझं स्पष्ट मत आहे, साखर किंवा कोलेस्टेरॉल असलेल्या प्रत्येक घरात हे आजच व्हायला हवं. माझ्या दादाला पटत नाही. "बाबांना आकड्यांच्या मागे लावू नकोस," म्हणतो. तुम्हाला काय वाटतं?

जुनी_केसपेपर
बत्तीस वर्षं तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतोय. तुमचा तक्ता उत्तम आहे, तरी मी तुमच्या दादाच्या बाजूने लिहितो.

माझ्या एक रुग्ण, ७४ वर्षांच्या आजी. पुण्याच्या मुलाने त्यांच्या दंडावर साखर सतत मोजणारा चौदा दिवसांचा सेन्सर लावून दिला. आलेख थेट त्याच्या मोबाइलवर. भाकरी खाल्ली की तासाभरात बाण वर, की लगेच मुलाचा फोन, "आई, काय खाल्लंस?" आठवड्यात आजींनी रात्रीचं जेवण सोडलं. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी मात्र चालूच. पहाटे तीनला घामाने चिंब होऊन त्या मोरीच्या उंबऱ्याशी पडल्या. मनगट मोडलं. साखर ४८ निघाली. सेन्सरने इशारा दिला होता, पण आदल्या दोन रात्री त्याच कुशीवर झोपल्यामुळे तो खोटाच वाजला होता, म्हणून आवाज बंद करून ठेवलेला. (दंड अंगाखाली दाबला गेला की तो कमीच दाखवतो.)

साखर जितकी खाली तितकं चांगलं, हा समज फार खोल गेलाय. २००८ साली अमेरिका-कॅनडातल्या अ‍ॅकॉर्ड चाचणीत दहा हजारांहून जास्त रुग्ण होते. ज्यांची तीन महिन्यांची साखर सहाच्या खाली नेण्याचा प्रयत्न झाला, त्या गटात मृत्यू जास्त झाले आणि तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला. म्हाताऱ्या, एकट्या राहणाऱ्या माणसाला मी साडेसात-आठवर समाधानी असतो. हे अ‍ॅपला कोण सांगणार? त्यात ७.८ लाल रंगात येतं आणि घर घाबरतं.

गोदाकाठ
डॉक्टर, आजींचं वाचून जीव गलबलला. पण यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होताहेत. सेन्सर दर काही मिनिटांचा आकडा दाखवतो. माझ्या तक्त्यात तीन महिन्यांना एक ओळ आहे. तो मी बाबांना दाखवतही नाही, डॉक्टरांपुढे ठेवते. आणि त्या आजींच्या मुलाला "जेवण नाही तर ही गोळीही नाही" हे ठाऊक असतं, तर त्याच आलेखाने त्यांना वाचवलं असतं. माहिती कमी करून हे सुटणार नाही.

जुनी_केसपेपर
सकाळच्या ओपीडीत साठ माणसं असतात. माहिती समजावून सांगायला वेळ कुणाकडे आहे? माझा मुद्दा तोच आहे. आकडे धावत पोचतात, समजावणारा माणूस पोचत नाही.

आणि मापं कुठली वापरतात तेही बघा. एका अ‍ॅपने माझ्या रुग्णाला वजन-उंचीवरून "धोका कमी" सांगितलं. सडपातळ माणूस, पोट तेवढं सुटलेलं, आईवडील दोघंही मधुमेही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय (वजन-उंचीवरून काढलेला आकडा) २२.३, पण चरबी एकाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. आपली शरीरं अशी असतात. त्या रुग्णाच्या पोटाला टेप लावून मी त्याच दिवशी तपासणी करायला लावली.

नळीवाला
लॅबमध्ये एकोणीस वर्षं काम करतोय. गोदाकाठ ताई, तक्ता करा, जरूर करा, पण त्यात एक रकाना वाढवा, लॅबचं नाव. दोन लॅबच्या यंत्रांत थोडा फरक पडतोच, ६.९ चे ७.१ झाले म्हणून गोळी वाढवायची नसते.

एचबीए१सी तर रक्तातल्या तांबड्या पेशींवर अवलंबून. पेशींचं आयुष्य साधारण १२० दिवस, म्हणून तिला तीन महिन्यांची साखर म्हणायचं. पण लोह कमी असलं तर आकडा खोटाच वर जातो. आमच्याकडे एक बाई आल्या, एचबीए१सी ६.७, घरात रडारड. उपाशीपोटी ९४, जेवणानंतर १२८. हिमोग्लोबिन बघितलं तर ८.६. डॉक्टरांनी आधी लोहाच्या गोळ्या दिल्या, काही महिन्यांनी पुन्हा केली तर ५.९. हिमोग्लोबिनशेजारी ठेवल्याशिवाय तो आकडा वाचू नये, असं माझं मत.

एलडीएलचंही तसंच. बऱ्याच ठिकाणी ते मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा, ट्रायग्लिसराइडचा (रक्तातल्या चरबीचा) पाचवा हिस्सा वजा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की तो हिशेब चालत नाही.

घरच्या ग्लुकोमीटरला १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंत फरकाची मुभा आहे. म्हणजे खरी साखर १८० असताना १५५ किंवा २०५ आली तरी यंत्र बिघडलेलं नाही. आणि हात धुवा हो! आंबा चिरून तसंच बोट टोचलेल्या काकूंना मी ३१० वर घाबरलेलं पाहिलंय. साबणाने धुवून पुन्हा घेतली, १६२.

थेम्सकाठी
लंडनहून लिहितेय. इथे रिपोर्ट आला की तो एनएचएस, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, अ‍ॅपमध्ये आपल्याला दिसतो, फोन करून विचारावं लागत नाही. मला त्याचा फार आधार वाटतो.

पण गेल्या उन्हाळ्यात आई कोल्हापूरहून आली होती तेव्हाचा प्रसंग सांगते. इथे तिची तपासणी झाली, अ‍ॅपमध्ये एचबीए१सी ५३. मी कामावर होते. तिने ५३ वाचलं, साखर उतरली असं समजून दोन चमचे साखर खाल्ली आणि वर गूळ. इथलं माप वेगळं आहे, ५३ म्हणजे आपले ७. निदानाची साडेसहाची रेषा इथे ४८ वर असते. घरी येऊन मीटर लावला तर २४०. म्हणून डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं, नुसता आकडा धोक्याचा.

तरीही मी गोदाकाठच्या बाजूने आहे, आणि ते औषधांच्या यादीमुळे. इथल्या डॉक्टरांनी आईला गोळ्या विचारल्या. "एक पांढरी रात्रीची, एक लांबट, जेवणाआधीची," एवढंच तिला सांगता आलं. स्ट्रिपचा अर्धा भाग कापून पर्समध्ये ठेवलेला, त्यावर नाव नाही, नुसती तारीख. आता गोळ्यांची नावं आणि मात्रा तिच्या फोनमध्ये आणि पर्समधल्या कार्डावर, दोन्हीकडे आहेत.

माहेरवाट
मी गटप्रवर्तक आहे, माझ्या हाताखाली आशा ताई काम करतात. इथली चर्चा शहरातली वाटली म्हणून लिहिते.

आमच्याकडे तिशीवरच्या प्रत्येकाचा आजारांचा धोका बघणारा सीबॅक फॉर्म भरायचा. कमरेचं माप, तंबाखू, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का. आधी कागदावर, मग तेच मोबाइलमध्ये. वाडीवर रेंज नाही, म्हणून ताया संध्याकाळी स्वयंपाक टाकून टेकाडावर जाऊन फॉर्म चढवतात. आणि बाई विचारते, "ताई, माझी साखर लिहून नेलीत त्याला दोन महिने झाले, गोळी कधी आणणार?" उपकेंद्रात त्या आठवड्यात मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाची गोळी, संपलेली असते. काय उत्तर द्यायचं?

मी तंत्रज्ञानाच्या विरुद्ध नाही. रक्तदाबासाठी जो राष्ट्रीय उपक्रम आला, पहिल्या पाच राज्यांत आपला महाराष्ट्र होता, त्यात पेशंटला क्यूआर असलेलं कार्ड आणि नर्सच्या फोनवर साधं अ‍ॅप. मला आवडलं ते एवढ्यासाठी, की त्यात या महिन्यात कोण आलं नाही त्यांची यादी निघते. त्या यादीवरून फोन जातो, घरी जाता येतं. नोंद कुणाच्या तरी दाराशी परत आली पाहिजे. नुसती वर जाणारी नोंद माझ्या तायांना नको झालीय.

उंबरठा
गोपनीयतेबद्दल कुणीच बोललं नाही. माझ्या मुलीला अकराव्या वर्षापासून टाइप वन मधुमेह आहे, इन्सुलिनवर असते. एका रुग्णालयाच्या खिडकीवर आधार मागितलं, ओटीपी मागितला आणि आभा क्रमांक तयार! कशासाठी ते एका शब्दाने सांगितलं नाही. ती २२ वर्षांची आहे, उद्या नोकरी, लग्न, विमा. विम्याला आजार लपवायचा नाही, आम्ही लिहूनच देतो. पण कुणाला सांगायचं आणि कधी, हे तिने ठरवावं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा दोन आठवड्यांच्या आसपास कामकाज हाताने चालवावं लागलं. एम्सचं असं होतं, तर गल्लीतल्या दवाखान्याच्या संगणकाचं काय?

गोदाकाठ
उंबरठा, तुमच्या मुलीच्या बाबतीत झालं ते चुकीचंच. आभा ऐच्छिक आहे, खिडकीवर नाही म्हणता येतं, आणि ते तिथल्या माणसाने सांगायलाच हवं होतं. "आजच काढा" हे माझं वाक्य मी मागे घेते. तक्त्याबद्दलचं मात्र नाही. तो माझ्या हातात आहे, त्याला कुणाचा सर्व्हर लागत नाही.

जुनी_केसपेपर
तक्त्याला माझा विरोध नव्हताच. माझ्याकडे येणाऱ्याने एक पान आणावं, मी हात जोडून घेईन. चाळीस पानांची पीडीएफ नको. चालू औषधं मात्रेसह, कुठली कधी आणि का बंद केली ते, गेल्या चार-पाच वेळचे आकडे, डोळ्यांचा पडदा आणि पाय शेवटचे कधी तपासले ती तारीख. "का बंद केली" हे फार महत्त्वाचं. स्टॅटिनने पोटऱ्या दुखल्या म्हणून थांबवली, की रिपोर्ट चांगला आला म्हणून, यावर माझा पुढचा निर्णय ठरतो. सेन्सरबद्दलचं मत मी बदलत नाही. इन्सुलिनवरच्या मुलीला तो वरदान आहे, गोळ्यांवरच्या आजींच्या दंडाला तो लावून लांबून पहारा देऊ नये.

गोदाकाठ
परवा ते एक पान घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी दोन मिनिटं वाचलं आणि बाबांना विचारलं, "ही कोलेस्टेरॉलची गोळी तुम्ही तीनदा सोडलीत?" बाबा म्हणाले, "मला वाटलं बरं झालं." गोळी पुन्हा सुरू केलीय, आणि ती कायमची आहे हे या वेळी त्यांनी बाबांकडून वदवून घेतलं. लघवीतलं अल्ब्युमिन केलं, ६४ आलं. ३० च्या आत हवं होतं. बाबांना मोबाइलमध्ये बघायचं नाहीच. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, जिथे आई दुधाचे खाडे मांडते, तिथेच त्यांनी पुढच्या तपासणीची तारीख स्वतः लिहिली.

नळीवाला
ताई, एका ६४ वर ठरवू नका. ताप, लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशी जास्त श्रम झाले तरी ते वाढतं. तीन ते सहा महिन्यांत तीन वेळा करा, दोनदा जास्त आलं तर खरं धरतात. सकाळची पहिली लघवी, आणि तिन्ही वेळा एकच लॅब.