बातमीतला ‘नायजेरियन’ आणि खडकीचा मलिक अंबर

पैठणकर मास्तर (प्रश्न)
मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. परवा एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ मध्ये संपली, जोतीरावांनी १८७३ मध्ये आपली ‘गुलामगिरी’ त्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना अर्पणही केली. मग पडद्यावर आणि बातम्यांत काळा माणूस आजही बहुधा गुंड, नोकर नाहीतर विदूषक म्हणूनच का दिसतो?’ मी ‘वर्णद्वेष’ एवढे म्हणून वेळ मारून नेली. जाणकारांनी कृपया नीट सांगावे.

बालाघाटी
मास्तर, ही प्रतिमा गुलामगिरीचा व्यवहार चालावा म्हणूनच घडवली गेली. माणूस बाजारात विकायचा, तर तो आळशी, पोरकट आणि धाकाशिवाय न हलणारा आहे हे आधी लोकांच्या गळी उतरवावे लागते. १८३० च्या सुमारास गोरे नट तोंडाला जळक्या बुचाची काजळी फासून काळ्यांची नक्कल करीत आणि त्यावर नाटकगृहे भरत. मुक्तीनंतर हा ‘पोरकट’ माणूस एकाएकी ‘धोकादायक’ ठरला, कारण गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकेच्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या श्रमाला मुभा ठेवली होती. दक्षिणेतली राज्ये काळ्यांना रिकामे भटकल्याच्या आरोपावरूनही पकडत आणि कैदी म्हणून खाणमालकांना व मळेवाल्यांना भाड्याने देत. २००५ च्या कॅटरिना वादळात दोन वृत्तसंस्थांची दोन छायाचित्रे गाजली. दोन्हींत छातीभर पाण्यातून खाण्याचे सामान नेणारी माणसे आहेत, पण काळ्या तरुणाने ते ‘लुटले’ आणि गोऱ्या जोडप्याला ते ‘सापडले’, अशा ओळी खाली छापल्या होत्या.

खुलताबादहून
इतके लांब कशाला जायचे? ज्याची कबर आमच्या गावात आहे तो मलिक अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणी विकला गेला, हात बदलत दख्खनेत आला, निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला आणि १६१० मध्ये त्याने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवली. जहांगीरने एक चित्र काढून घेतले, ज्यात बादशहा पृथ्वीगोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात अंबर मोगलांच्या हाती कधीच लागला नाही आणि १६२६ मध्ये म्हातारपणी आपल्या मरणाने गेला. रणात साधले नाही ते चित्रकाराकडून साधून घेतले!

बालाघाटी
दाखला चोख आहे, पण दोन्ही गुलामगिऱ्या एका मापाने मोजू नयेत. अंबरला विकत घेणारा चंगेजखान स्वतः हबशी, म्हणजे आफ्रिकी, आणि निजामशाहीचा पेशवा होता. लष्करी गुलामाला इथे वर चढण्याची वाट होती. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात मात्र १६६२ च्या कायद्याने गुलाम आईचे मूल जन्मतःच गुलाम ठरवले.

नहरीकाठचा
आमच्या गल्लीत एक सुदानी विद्यार्थी रसायनशास्त्रात संशोधन करीत भाड्याने राहत होता. ‘नायजेरियन टोळी जेरबंद’ असा मथळा वाचून घरमालकाने त्याला महिनाअखेर खोली सोडायला सांगितले. सुदान आणि नायजेरिया हे वेगळे देश आहेत, हे मी नकाशा दाखवून समजावले, तेव्हा ते म्हणाले, ‘असतील हो, पण दिसतात तर सारखेच.’ हेच गृहस्थ पाहुण्यांना अंबरने बांधलेली पाण्याची नहर मोठ्या अभिमानाने दाखवतात.

पैठणकर मास्तर
सर्वांचा आभारी आहे. जहांगीरचे ते चित्र आणि कॅटरिनाची छायाचित्रे वर्गात शेजारी-शेजारी लावीन. खालच्या ओळी झाकून ठेवीन आणि आधी मुलांनाच लिहायला सांगेन.