कुत्र्याचे घट्ट गाठी झालेले केस कापावेच लागतात, हे त्याच्या पालकांना कसं समजावू?

नमस्कार मंडळी. मी कोथरूडमध्ये घरोघरी जाऊन कुत्र्यांचं ग्रूमिंग, म्हणजे केसांची निगा, करते. रविवारी एका शिह त्झू जातीच्या कुत्र्याकडे गेले होते. वरून केस अगदी मऊ, पण कंगवा कातडीपर्यंत जाईना. कानांमागे, काखेत, पट्ट्याखाली नुसत्या गाठी. पावसात भिजलेलं कुत्रं न विंचरता तसंच वाळू दिलं की त्या आणखी आवळतात.

त्याच्या मालकीण ताईंचं एकच म्हणणं, "कापू नका, फक्त सोडवा." अर्धा तास प्रयत्न केला. बिचारं कळवळत होतं. शेवटी त्यांना विचारूनच मशीन फिरवली. खाली कातडी लालभडक! तरी केस गेलेले पाहून ताई रडल्या आणि माझ्यावर चिडल्या. त्या रोज ब्रश करायच्या, पण वरवर. मुळापासून विंचरायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पालकांनो, काम सुरू करण्याआधी काय सांगितलं तर तुम्हाला पटेल? गाठींचे फोटो दाखवू, की लेखी संमती घेऊ? आणि ग्रूमर मंडळी, जादा वेळेचे पैसे तुम्ही आधी सांगता की नंतर? शनिवारी एका ल्हासा जातीच्या कुत्र्याकडे जायचंय, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.